मिटलेले डोळे उघडणारा

११ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. त्या दिवशी मुलाने चौदा हजार सातशे पन्नास रुपये मोजून घरात स्कॅनर आणला, आणि डोळेकाकांच्या घराची घडी तिथून विस्कटली.

डोळेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते गावाने ठेवलेलं. अडतीस वर्षं त्यांनी एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम केलं. फोटोवरचे डाग घालवणं, टकलावरची चमक कमी करणं, सुजलेला गाल बसवणं हे सगळं त्यात आलंच. पण त्यांचा हातखंडा होता तो मिटलेले डोळे उघडण्यात. फ्लॅश उडाला की दहातला एक माणूस हमखास डोळे मिटतो. पुन्हा फिल्म खर्च करण्यापेक्षा मालक तो प्रिंट काकांच्या टेबलावर सरकवत. काका बारीक ब्रश ओला करत, पापणीवर पांढरा रंग देत, त्यावर काळी बुबुळं, आणि शेवटी बुबुळात टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश. माणूस जागा होई.

गेलेल्या माणसांचे नातेवाईकही यायचे. घरात एकच फोटो, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. काका डोळे उघडून देत. फोटो हातात घेऊन बायका ओंजळीत तोंड लपवून रडत आणि म्हणत, "अगदी अस्सेच बघायचे हो!" अडतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा कोणी न नेलेल्या फोटोंची तीन खोकी काकांनी घरी आणली. "भंगारवाल्याला लाजवाल तुम्ही," बायको म्हणाली होती. आता बायकोही नव्हती. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. खोकी मात्र पलंगाखाली तशीच होती.

मुलाचं म्हणणं साधं होतं. घर लहान, खोकी मोठी. सगळं स्कॅन करून ठेवायचं आणि जागा मोकळी करायची. तो सकाळी कामाला जायचा, म्हणून स्कॅनिंगची जबाबदारी आपोआप काकांवर आणि सुनेवर आली. सून घरूनच ऑफिसचं काम करायची. दोन कॉलच्या मधे ती येऊन काकांना बटणं दाखवून जायची. काका फोटो लावत, यंत्राच्या पोटातून उजेडाची एक पट्टी सरकत जाई, आणि पडद्यावर कोणीतरी प्रकट होई. घरातले फोटोही त्यातच घातले.

सगळे फोटो आत गेल्यावर सुनेने चेहरे लावायचा प्रोग्रॅम सुरू केला. एका माणसाचे सगळे फोटो तो एका जागी आणून ठेवतो, म्हणाली. दुपारची वेळ होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. पडद्याकडे बघून सून खो खो हसत सुटली.

"बाबा, आईंना किती हौस हो फोटोंची! नवरी काय, नर्स काय... हे बघा, इथे मिशासुद्धा लावल्यात!"

काका चष्मा पुसत जवळ आले. पडद्यावर डाव्या बाजूला बायकोचा चेहरा होता आणि त्याखाली यंत्राने तिचे म्हणून गोळा केलेले चेहरे. ओळींमागून ओळी. कोणी तरुण, कोणी तोंडाचं बोळकं झालेलं. एक जाडजूड हवालदार. टोपडं घातलेलं एक तान्हं बाळ. चेहरे सगळे वेगळे, आणि त्या सगळ्यांतून एकच नजर बाहेर बघत होती.

सुनेचं हसू हळूहळू विरलं. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं.

"हे कसं काय हो?" ती हळूच म्हणाली.

"हे डोळे मीच काढलेत," काका म्हणाले. "सगळे."

मग त्यांनी तिला सांगितलं. पहिल्याच आठवड्यात मालकांनी त्यांच्या हातात काडेपेटीएवढी एक पट्टी ठेवली होती. कुठल्यातरी फोटोतून कापलेले नुसते दोन डोळे. "एकच डोळा शीक," मालक म्हणाले होते, "पण असा शीक की झोपेत काढता आला पाहिजे." कोणाचे आहेत असं विचारल्यावर ते वैतागले होते. "कोणाचे का असेनात! उघडे आहेत ना?" काका ते डोळे शिकले. पुढे पट्टी हरवली तरी फरक पडला नाही. लहानमोठे, तिरपे, सरळ, गरजेप्रमाणे काका ते फिरवून बसवत; पण डोळे तेच.

"आणि आईंचे?"

"तुझ्या सासूने जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर डोळे उघडे ठेवले नाहीत. लग्नात नाही, नंतर नाही. मोबाइल आला तरी तेच. ओळखपत्रावरच्या फोटोत तर डोळ्यांच्या जागी नुसती काजळी आहे. मी म्हणायचो, अगं, जरा दम धर. तर म्हणायची, अहो, मी मिटते, तुम्ही उघडा. तुमचं पोट त्यावरच चालतं."

सुनेला पुढच्या कॉलची वेळ झाली. जाता जाता तिने पडदा बंद केला. काकांनी तो पुन्हा सुरू केला नाही.

संध्याकाळी ते औषध आणायला बाहेर पडले. औषधाच्या दुकानात गल्ल्याच्या वर दुकानदाराच्या वडिलांचा फोटो होता. आजवर त्यांनी तो शंभरदा पाहिला असेल. आज त्यांनी मान वर केली आणि पावलं जागीच थबकली.

"काय बघताय काका? तुमचंच काम ना ते!" दुकानदार हसला. "अजून डोळा असतो बघा म्हाताऱ्याचा माझ्यावर. गल्ल्यात हात घातला की बघतोच!"

परतताना त्यांनी ठरवलं होतं, खाली बघून चालायचं. पण दिवेलागणीची वेळ, घराघरांच्या खिडक्या उघड्या. शिंप्याच्या यंत्रामागे त्याची आई. न्हाव्याच्या आरशावर त्याचा थोरला भाऊ. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या बैठकीत त्यांचे यजमान. एकच कोणीतरी सगळ्या घरांत आधीच जाऊन बसलं होतं आणि काका रस्त्यावरून जाताना बघत होतं. त्या माणसाला घरोघरी पोचवून आलो ते आपणच, हे त्यांना जिना चढताना उमगलं.

घरात भिंतीवर बायकोचा मोठा फोटो होता. काकांनी स्वतः रंगवलेला. लावला त्या दिवशी बायको त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली होती. "ही माझ्यासारखी दिसते हो," ती म्हणाली होती, "पण मला ओळखत नाही." तेव्हा दोघंही हसले होते.

खुर्चीत बसून काकांनी डोळे मिटले आणि तिचे खरे डोळे आठवायचा प्रयत्न केला. नाक आलं. कपाळावरचा देवीचा व्रण आला. हसताना एका बाजूला जाणारा ओठ आला. डोळ्यांच्या जागी पट्टीतले डोळे आले. त्यांनी ते बाजूला सारले; पुन्हा तेच.

मुलगा आल्याआल्या त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचे डोळे कसे होते रे?"

मुलाने बूट काढता काढता भिंतीकडे पाहिलं. "असेच की."

"ते मी काढलेत. तिचे सांग."

मुलगा एक बूट हातात धरून थांबला. "काळे... नाही, जरा घारे होते का?" "बाबा, मला हा फोटोच आठवतो."

तीन वर्षांत ती दोघांच्याही हातून निसटली होती, आणि तिच्या जागी दुसरीच कोणी बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून काका नेमाने कामाला लागले. यंत्राने ज्यांना कुठेच लावलं नव्हतं असे चेहरे एका वेगळ्या ढिगात होते. कोणाच्या मागे, कोपऱ्यात, दारात, कुठेतरी ती चुकून डोळे उघडे ठेवून सापडेल, एवढीच आशा. यंत्र एकेक चेहरा पुढे आणी, शेजारी बायकोचा फोटो दाखवी आणि विचारी: ही तीच व्यक्ती आहे का? काका निरखून बघत आणि 'नाही' दाबत. नाही. नाही. नाही. आत सून कोणाला तरी आकडे समजावून सांगत असे. बाहेर ही टकटक.

चौथ्या दिवशी पडद्यावर एक नवं जोडपं आलं. स्टुडिओतल्या लाकडी बाकावर अवघडून बसलेलं. यंत्राने मात्र चौकट काढली होती ती त्यांच्या मागच्या आरशात, नखाएवढ्या एका चेहऱ्याभोवती. एक बाई, हातात पिशवी, कोणाकडे तरी टक लावून बघणारी. ही तीच व्यक्ती आहे का? काकांनी चेहरा पाहिला, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा चेहरा पाहिला. अनोळखी नजर होती. काहीशी थंडही. त्यांनी 'नाही' दाबलं. चौकट विझली.

"बाबा, चला जेवायला, एक वाजून गेला!" सुनेने हाक मारली.

दोन घास झाले असतील. समोर गॅलरीत कपड्यांच्या दोरीला चिमट्यांची पिशवी लटकत होती. काकांच्या जुन्या पॅंटची बायकोने शिवलेली. कंबरेचं बटण तिने काढलं नव्हतं. ते पिशवीच्या पोटावर तसंच होतं. वर्षानुवर्षं एक वाजता ती याच पिशवीतून त्यांचा डबा घेऊन स्टुडिओत यायची.

काकांचा घास हातातच राहिला.

"सूनबाई, मी नाही म्हटलेला फोटो परत येतो का?"

"कोणाला नाही म्हटलंत?"

"तिला," काका म्हणाले. "आरशातून बघत होती. पिशवी होती हातात. मी तिला नाही म्हटलं."

सून उष्ट्या हाताने उठली. तिने शोधून तो फोटो काढला आणि आरशातली चौकट मोठी केली. फोटोचे दाणे फुटले, चेहरा जरा पसरला, पण पिशवीवर बटण होतं. आणि डोळे होते. डावी पापणी किंचित खाली आलेली. बुबुळं पट्टीतल्यांपेक्षा लहान. त्यात चमक वगैरे काही नव्हती.

"या कुठे बघताहेत?" सुनेने विचारलं.

आरसा कुठे होता, दार कुठे होतं, काकांना डोळे झाकून सांगता आलं असतं. त्या कोपऱ्यातून दिसायचं ते एकच: टचिंगचं टेबल.

"माझ्याकडे," ते म्हणाले.

डबा घेऊन ती तिथे उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ते मान खाली घालून दुसऱ्या कोणाचा तरी डोळा उघडत असणार. तिने हाक मारलेली नाही. रोजच मारत नसे. डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला की काका "ठेव तिथे" म्हणत. तिचे डोळे आठवत नव्हते याला तीन वर्षं हे कारण नव्हतंच. त्याआधीच्या कितीतरी एक वाजता त्यांनी मान वर केली नव्हती.

सुनेने 'होय' दाबलं. यंत्र क्षणभर गुरगुरलं आणि पडद्यावरच्या ओळी आपोआप हलल्या. सासूच्या नावाखाली आता एकच चेहरा उरला, आरशातला. बाकी सगळे, हवालदार, नवरी, तान्हं बाळ, आणि भिंतीवरचा तो मोठा फोटोसुद्धा, एका बाजूला सरकून एकत्र उभे राहिले. त्यांच्यावर यंत्राचा नवा प्रश्न आला: या व्यक्तीचं नाव काय?

"बंद करू?" सून म्हणाली.

काका उठले. भिंतीवरचा फोटो उतरवून त्यांनी टेबलावर घेतला, मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली. वाटीत कोमट पाणी, कापसाचा बोळा. आता त्यांचा हात थरथरायचा, पण पुसायला हात स्थिर लागत नाही. आधी बुबुळातला प्रकाश गेला. मग काळा रंग गालावर ओघळला. तो त्यांनी टिपून घेतला. मग पांढरा. त्याखाली दोन पापण्या होत्या, नितळ, शांत मिटलेल्या. इतकी वर्षं त्या तिथेच होत्या. काच लावून त्यांनी फोटो परत जागेवर टांगला.

संध्याकाळी मुलगा आला. बूट काढायला वाकला, सवयीने वर बघितलं आणि दाराला टेकला.

"बाबा... आईने डोळे..."

"तिचे तसेच होते फोटोत."

मुलगा हळूच खुर्चीवर बसला. सुनेने त्याला पडद्यावरचा आरशातला चेहरा दाखवला तेव्हा म्हणाला, "तुम्हाला आता खरे सापडलेत ना? मग तसे काढा."

काकांनी ब्रश हातात घेतलाही होता दुपारी, ते त्यांनी सांगितलं नाही. तो ओला करताच बोटं आपोआप पट्टीतल्या डोळ्याच्या वळणावर गेली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "मला एकच येतो."

आता तीन खोक्यांपैकी दोन गेली आहेत. यंत्र सुरू केलं की ते एकत्र उभे असलेले चेहरे अजून येतात आणि नाव विचारतात. कोणी उत्तर देत नाही. एक वाजता सून जेवायला हाक मारते तेव्हा काका हातातलं काम खाली ठेवतात, मान वर करतात आणि ती बोलायची थांबेपर्यंत तिच्याकडे बघतात. सुरुवातीला तिला अवघडल्यासारखं व्हायचं. आता होत नाही.

आरशाचा तो प्रिंट काकांनी स्वतःजवळ ठेवून घेतला. तो खरं तर बाकावरच्या, फोटो न्यायला कधीच न आलेल्या जोडप्याचा. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहे की आगाऊ आठ रुपये मिळाले. ते आठ रुपये त्या जोडप्याला परत द्यायचे राहिले आहेत.