मेल्लगे

धबधबा बघून परतताना, पायऱ्यांशेजारी व्हीलचेअरसाठी केलेल्या उतारावर एक आजी दिसल्या. रेशमी साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. कठड्याला बोटही न लावता त्या एकट्याच खाली निघाल्या होत्या आणि पावलागणिक पुटपुटत होत्या, "मेले गं, मेले गं."

मी पुण्याहून म्हैसूरला नवीन आलेला. धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "आजी, काय होतंय?"

त्या खळखळून हसल्या. "मेले नाही रे अप्पा, मेल्लगे! कन्नडात सावकाशला म्हणतात. आमचं घरचं मराठी असंच, कन्नड कालवलेलं." मग माझा हात अलगद बाजूला केला. "मघाशी पायऱ्यांवरून पळत गेलास तो तूच ना? काय बघितलंस?"

सांगायला मला फोन काढून फोटो बघावे लागले.