बाबलीकाकाचं जिनोआ

माझा बाबलीकाका हट्टी होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण मला ते जमत नाही. वर्ष होत आलं तरी माझा त्याच्यावरचा राग जात नाही, आणि रडू येतं ते वेगळंच.

काका म्हणजे माझ्या बाबाचा थोरला भाऊ. आजोबा दर्यात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा माझा बाबा, लवू, अजून शाळेत जात होता. काकाने रापणीच्या जाळ्यांचे दोर ओढले, दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला, बाबाला शिकवलं, सुशीलाआत्याचं लग्न जामसंड्याला लावून दिलं. ह्या सगळ्यात त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं. पुढे बाबा एसटीत ड्रायव्हर झाला, माझी आई घरात आली, मी झाले. काका आमच्याच घरात राहिला आणि शेवटपर्यंत बाबाला 'जेवलंस काय रे?' असं विचारत राहिला. बाबाचं पोट सुटलं, केस पिकले, तरी विचारायचा.

मधली काही वर्षं काका मालवाहू जहाजावर खलाशी होता. ते जहाज एकदा इटलीत जिनोआच्या बंदरात अडकून पडलं. कसलेसे कागद पुरे नव्हते म्हणून खलाशांना खाली उतरूच दिलं नाही. काका रोज डेकवर उभा राहून समोरची टेकडी बघायचा. एकावर एक चढलेली रंगीत घरं आणि त्यांच्यामधून वर जाणारा एक लांबलचक दगडी जिना. "त्या जिन्यान वर गेल्यार काय दिसता, ता माका बघूचा आसा," असं तो लग्नात, बारशात, कुठेही सांगायचा. लोक वैतागायचे. आई तर म्हणायची, "भावोजी, वर गेल्यार आणखी घरां दिसतत, दुसरा काय दिसतला?"

बाबा निवृत्त झाला आणि मला ओरोसच्या ऑफिसात नोकरी लागून बरीच वर्षं झाली, तेव्हा मीच विषय काढला. चौघांनी जायचं. रोम, फ्लॉरेन्स, जिनोआ, व्हेनिस, व्हिएन्ना. बाबाला मनातून एकच हवं होतं, की दादाला हाताला धरून त्या जिन्यावरून वर न्यायचं. "तेना माका सगळा दिला गो, नमू," मला म्हणाला. "मी तेका काय दिलंय?"

मग काय, रोज संध्याकाळी पडवीत सभा. मी मोबाइलवर नकाशे उघडायचे, आई सोलं आणि कुळथाची पिठी किती बांधायची ह्याची चिंता करायची, आणि काका प्रत्येक शहराला नावं ठेवायचा. "रोमाक कित्याक? थंय दर्या नाय. फ्लॉरेन्साक दुसऱ्यांची चित्रां बघूक इतक्या लांब जावचा?" जिनोआ आलं की मात्र नकाशावर बोट फिरवायचा. त्याने नवा पासपोर्ट काढला होता. फोटोत हसायचं नसतं म्हणून सांगितलं, तरी हसला होता. फोटो पुन्हा काढावा लागला.

व्हिसाला मुंबईला जायची वेळ आली आणि काका अडून बसला. म्हणे गुडघे दुखतात, तुम्ही जा. आम्ही समजावलं, भांडलो, आईने जेवण वाढायचं थांबवायची धमकी दिली. ऐकेल तर शपथ! तेव्हा बाबाच म्हणाला, तिकिटं मोडूया. काका इतका चिडला की ताटावरून उठला.

शेवटी ठरलं की देवाला विचारू. आमच्या वाडीत मोठं काही करायचं तर कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार. बाबाने काकाला बजावलं, "देवाक तुझा इचार. तुका एकट्याक टाकून जावचा काय, ता इचार." घरात काका वडीलधारा, म्हणून काय विचारायचं ते गणपत गुरवाला त्यानेच सांगायचं होतं. तो गुरवाच्या कानाशी बराच वेळ बोलत राहिला.

गुरवाने आवाज लावला. "हो तुझो लवू, तेची बायल, तेचा चेडू, सात समुद्रापलीकडे जातत, तेंका सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं नीट ऐकतं कोण? 'व्हय म्हाराजा' म्हणायचं की झालं. उजवी कळी टपकन पडली. काकाने बाबाच्या पाठीत धपाटा घातला, "बघ! देव पण माझ्याच बाजून!" बाबाच्या मनावरचं ओझं उतरलं. जामसंड्याहून सुशीलाआत्या काकाच्या सोबतीला येऊन राहिली, आणि आम्ही निघालो.

खोटं कशाला बोलू, मजा आली. रोममध्ये दोन हजार वर्षांचे दगड बघून बाबा म्हणाला, "आमच्या डेपोची भिंत पाच वर्सां टिकाक नाय." फ्लॉरेन्सला आईने हॉटेलच्या खोलीत सोलकढी केली. रोज आम्ही काकाला फोन लावायचो. तो पडून असायचा, गळ्यापर्यंत चादर. दुपारची वामकुक्षी असेल, असं वाटायचं.

जिनोआला बंदरासमोर उभे राहिलो, तर ती टेकडी आणि ती घरं खरंच तशीच होती. जिनाही होता. बाबाने व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल समोर धरला आणि चढायला लागला. धापा टाकत होता, पण मला मोबाइल देईना. वर पोचल्यावर छोटासा चौक होता. एक बाई सतरंजी झटकत होती, दोरीवर कुणाचे तरी परकर वाळत होते, एक म्हातारा कुत्र्याला घेऊन बसला होता. बस्स, एवढंच.

"इतक्याच?" काका म्हणाला, आणि हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. मग बाबाने मोबाइल मागे वळवला. खाली सगळं बंदर दिसत होतं.

"थंय, थंय आमचा जहाज होता," काका म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरा झाला. लवू, आता पाणी पी रे."

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हेनिसला गेलो, आणि त्याच दिवशी काका गेला.

आम्हाला कुणी कळवलं नाही. फोन केला की आत्या म्हणायची, निजलो आसा, देवळात गेलो आसा. तिचा आवाज बसलेला होता, ती म्हणाली सर्दी. बाबा व्हेनिसच्या होड्यांचे व्हिडिओ काढत राहिला, दादाला दाखवायला. व्हिएन्नात आम्ही केक खाल्ला. सुतकात, गोड! आई अजून त्या केकचं नाव काढलं तरी कानांवर हात ठेवते.

घरी पोचलो तर आत्या दारात तांब्या घेऊन उभी. तिने आमच्या पायांवर पाणी घातलं, प्यायला पाणी दिलं. बाबा आत बघून हाका मारतोय, "दादा! ओ दादा!" आमच्याकडे माणूस दर्यात असला की त्याला वाईट खबर धाडत नाहीत. ऐकून हात थरथरला तर होडी जाते. वाळूला लागू दे, पाय धुऊ दे, घोटभर पाणी पिऊ दे, मग सांगायचं. आत्याने तसंच केलं. काकाने तिला शपथ घातली होती. हृदय थकलंय, फार दिवस नाहीत, हे डॉक्टरने त्याला व्हिसाच्या आधीच सांगितलं होतं. अग्नी शेजारच्या रविराजने दिला.

बाबा रडला नाही. तो तसाच बाहेर पडला आणि तरातरा देवळाकडे गेला. मी मागे धावले. सुतकात आत जाता येत नाही, म्हणून पायरीखाली उभा राहून ओरडला, "होकार कित्याक दिलंस रे? तुका ठाऊक नव्हता?"

गणपत गुरव बाहेर आला. "लवू, देवाक बोल लावू नको," तो म्हणाला. "देवाक जा इचारला, ताच तेना सांगल्यान. तुमी तिघांय सुखरूप इलास. बाबल्यान आपला नाव घालूक दिल्यान नाय. माका म्हणालो, माझा इचारलंस तर देव नाय म्हणतलो, आणि लवू हंयच ऱ्हवतलो."

बाबा तिथेच पायरीखाली बसला. मला वाटलं, आता गुरवाला शिव्या घालेल. मला तर घालाव्याशा वाटत होत्या, त्याला आणि काकाला, दोघांनाही. पण बाबाचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"पण माका ऱ्हवाचाच होता रे," तो म्हणाला.