नसलेल्या भट्ट्यांचा पत्ता

ती केस मी विसरलेले नाही. पण ती नेमकी कसली केस होती, हे मला आजही धड सांगता येत नाही. गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता, मुद्देमाल तर नव्हताच. तरी एका माणसाला आम्ही भर उन्हाळ्यात ठाण्यात आणून बसवलं होतं.

मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मी आता दारूबंदीची पत्रकं लिहिते आणि सभांमध्ये ओरडते. तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होते. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. मी अकोल्याची. ठाण्याचे साहेब साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. हे आधीच सांगते, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला.

खबर आणली महिला मंडळाच्या एका काकूंनी. एसटीतून रिटायर झालेला एक साठीचा माणूस पानटपऱ्यांवर, बाजारात म्हाताऱ्यांना गाठून काहीतरी विचारतोय, अशी.

"मॅडम, थो भट्टीचा पत्ता विचारून राह्यला," काकू म्हणाल्या. "एका भट्टीचा नाई, साऱ्या भट्ट्यांचा! कागदावर नकाशा काढून राह्यला. काहून, सांगा बरं?"

साहेब खुर्चीतून उठलेच. त्यांच्याकडे भट्टी म्हणजे हातभट्टी. गूळ, नवसागर, ड्रम, ओढ्याकाठची लपलेली जागा. आमच्या वऱ्हाडात भट्टी म्हणजे परवाना असलेलं देशी दारूचं दुकान, भर बाजारात, पाटी लावून उघडलेलं.

"उचला त्याला. पंच बोलवा, छाप्याची तयारी करा."

"सर, इथं भट्टी म्हणजे दुकान."

"मग पत्ता कशाला विचारतोय? दुकान डोळ्यांना दिसत नाही?"

साहेबांचा मुद्दा बरोबर होता. कारण दुकानं खरोखरच दिसत नव्हती. त्या गावातल्या भट्ट्या एकेक करून उठल्या होत्या आणि शेवटची बायकांनी मतदान घेऊन बंद पाडली होती. अशा मतदानात चिठ्ठीवर दोन बाटल्या छापतात. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. या काकूंनी दारोदार फिरून बाटली आडवी पाडली होती. मग बंद पडलेल्या दुकानांचा नकाशा कोणाला हवा? माझं डोकं फिरलं. हा नक्कीच परवानावाल्यांचा माणूस, जुन्या जागा हेरतोय, उद्या पुन्हा शटर उघडतील! म्हणजे साहेब एका गुन्हेगाराच्या मागे आणि मी दुसऱ्याच्या. समोर बाकावर मात्र माणूस एकच बसलेला.

चौकशी साहेबांनीच सुरू केली.

"भट्टी कुठंय?"

"आता नाई ना जी. तिथं ब्युटी पार्लर हाय."

"पार्लरच्या मागं?"

"मांगं नाई, तिथंच."

"माल कोण पुरवतं?"

"पार्लरले?"

ठाणे अंमलदारानं मान खाली घालून स्टेशन डायरीत उगाचच काहीतरी शोधायला घेतलं. साहेबांचा आवाज चढला. मी मध्ये पडले.

"काका, नकाशा कोणासाठी काढता? खरं बोला."

"घरासाठी."

"घरचे दारू विकतात?"

"नाई हो मॅडम! इकणं त सोडा, घरात कोणी पेत बी नाई आता."

आता! चौकशीला बसलेला माणूस मोठं खोटं पाठ करून येतो, पण असा एखादा छोटा शब्द त्याच्या हातून निसटतो. मी तो धरणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुनेचा होता. त्याच्या तोंडाचा रंग उडाला आणि तो सरळ दाराकडे निघाला. हवालदारानं दंड धरला.

"सोड बाप्पा! मॅडम, माया मोठा भाऊ घरातून निंघून गेला. ऊन पाहा बाहेर!"

"कुठं गेले?"

"भट्टीवर."

"म्हणजे भाऊ पितो!" साहेब म्हणाले.

"त्याले काई म्हणू नका साहेब. त्यानं जन्मात चाखली नाई. मी पेत होतो. रोज थो मले तिथून उचलून आणे. आता त्याले इसर पडला. पोरं इसरला, घर इसरला, एवढंच ध्यानात राह्यलं. कधीबी उठते अन् मले आणाले जाते."

"मग कोणत्या भट्टीवर गेले असतील?"

"थेच त मले मालूम नाई! मी शुद्धीत कुठी होतो? कुठून कुठून उचललं, थे त्यालेच मालूम. म्हून त विचारत फिरून राह्यलो."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? लोक म्हणतीन, मोठा बी लपून पेत होता."

काकू अजून बाहेरच्या बाकावर होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मघाशी जो माणूस त्यांना गजाआड हवा होता, त्याच्याआधी त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. "चाला. माया मालकाले आणाले मी बी साऱ्या भट्ट्या फिरलेली हाय."

साहेबांनी बीटवरची शिपाई पोरं शोधायला दुसरीकडे पाठवली. आम्ही काकूंच्या बोटाकडे पाहत गाव फिरलो. पार्लर. कोचिंग क्लास. मोबाईलचं दुकान. रस्ता पेटल्यासारखा तापला होता आणि धाकटा भाऊ प्रत्येक ठिकाणी "असंन का इथं? होतो का मी इथं?" असं काकूंनाच विचारत होता. परतवाड्याची गाडी थांबते त्या वळणावर एका चष्म्याच्या दुकानाच्या ओट्यावर मोठे भाऊ बसलेले दिसले. डोक्याला दुपट्टा, ओठ सुकलेले, नजर बंद काचेच्या दारावर.

"दादा!" धाकटा धावला.

मोठ्यांनी मान वर केली. ओळख दिसेना. ते एका तरण्या पोराला शोधत होते. समोर पांढऱ्या केसांचा माणूस उभा.

"राम राम जी," ते अदबीनं म्हणाले. "आमचा लहाना दिसला का तुमाले? चौकड्याचा शर्ट हाय अंगात. माय जेवाची थांबली हाय."

धाकटा त्यांच्यासमोर वाकला. "दिसला जी. घरी गेला थो. आपल्या पायानं गेला."

"आपल्या पायानं? पेला नोता?"

"नोता पेला."

मोठे भाऊ धाकट्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि उठले. "बरं झालं बाप्पा. मंग मी काहून बसलो इथं?"

धाकट्यानं त्यांना हाताला धरून जीपकडे नेलं.

ठाण्यात परतल्यावर डायरीत काय लिहायचं यावर वाद झाला. दारूबंदी कायदा लागत नव्हता. हरवल्याची तक्रार कोणी दिलेली नव्हती. साहेब म्हणाले, "मदत केली असं लिहा." मदत? त्याला रोखून आम्हीच तर वेळ घालवला होता.

आता सभेत मी सांगते, भट्टी बंद पाडा आणि ती इथं होती हे गावात ठळक लिहून ठेवा. आमचेच कार्यकर्ते चिडतात. मेलेल्या भट्टीची पाटी लावायची? हो, लावायची! विकणारा जागा बदलून मोकळा होतो, पिणाऱ्याला आठवत नाही, आणि आम्ही रंग मारून पार्लर उघडतो. माझंच बरोबर आहे, असंही मी छातीठोक म्हणू शकत नाही. एवढंच सांगते. दारू पिऊन पडलेल्यांच्या नोंदी मी शेकड्यांनी केल्या. त्यांना उचलून घरी कोण नेत होतं, ते लिहायला आमच्या डायरीत रकानाच नव्हता.