टेकडी सरकली त्या दिवशी

लेक कॉलेजात गेल्यावर आईने स्वतः पीएचडीला नाव घातलं. सहा वर्षं ती विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागामागच्या टेकडीतल्या भेगा मोजत होती, म्हणून सगळे तिला दगडीबाई म्हणत. एका सकाळी एक भेग वीतभर रुंदावलेली दिसली. ती धावत मार्गदर्शक सरांकडे गेली.

"सर, टेकडी सरकतेय. इमारत रिकामी करा."

"माझ्या गणितात ती पक्की आहे."

"टेकडीने तुमचं गणित वाचलेलं नाही, सर!"

तिने सरळ आगीची घंटा वाजवली. सगळे शिव्या घालत मैदानात जमले. तासाभराने दरड कोसळली आणि सरांची खोली चिखलाने भरली.

सर खाकरले. "प्रबंधात माझं गणित चुकलं असं लिहा. पण जरा सौम्य भाषेत."

दगडीबाईने लिहिलं. सौम्य मात्र तिला जमलं नाही.