काल्हेरच्या गाळ्यातलं अंतराळ

आमच्या लॅबचे किस्से सांगायला बसलं की लोक पोट धरून हसतात. हसा बाबांनो! मला मात्र सांगताना अजून तिडीक जाते डोक्यात. आमच्या घरी कापडाच्या लूमखाली रुई साठते ना, तसं हे रोज थोडं थोडं साठत गेलंय, आणि झाडायला कोणी नाही.

लॅब म्हणजे काय, तर काल्हेरच्या गोडाउनच्या रांगेतला एक गाळा. एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला डायपर, मध्ये आम्ही. आम्ही बुटाच्या खोक्याएवढा एक डबा बनवलाय, रॉकेटमधून जाणारा. वर गेल्यावर माणसाशिवाय त्याने शेवाळाच्या पाण्याचा थेंब घ्यायचा, रंग मिसळायचा, लेन्सखाली न्यायचा आणि फोटो काढून खाली पाठवायचा. इथे हे काम कॉलेजची पोरगी पाच मिनिटांत करते. तिथे वजनच नाही! थेंब पडत नाही, गाळ बसत नाही, बुडबुडा हटत नाही. दोन वर्षं मी त्या डब्याशी मारामारी केली.

उड्डाणाआधी ताजं सॅम्पल भरायला एकाच माणसाला रॉकेटच्या तळावर आत सोडतात. एकच नाव. ते माझं असावं, एवढंच माझं म्हणणं होतं. लॅबचे प्रमुख म्हणजे आमचे सर, त्यांना तिथे स्वतःचं नाव हवं होतं.

*

गाळ्याचे मालक पाटीलशेठ एकदा पाहुणे घेऊन आले. म्हणाले, "काय गो पोरी, पावन्यांना जरा ते वजन न्हायसं करून दाखव."

मी सांगितलं, "शेठ, ते इथे होत नाही. वर गेल्यावर होतं."

"मंग दोन वरसं हितं तुमी करता काय?"

आता यावर सरांनी नीट समजावून सांगायचं की नाही? सर हात जोडून म्हणाले, "शेठ, पुढच्या आठवड्यात नक्की दाखवतो!"

शेठ पुढच्या आठवड्यात खरंच आले. सर रजेवर होते. बोलणी मी खाल्ली.

*

सरांनी एकदा नवं ड्रॉइंग आणलं. झाकणाला भोक.

"सर, हे कशाला?"

"बुडबुडे वर येतील आणि इथून निघून जातील."

"सर, तिथे वर कुठे असतं?"

"वर म्हणजे वर! छताकडे."

"आणि छत कुठल्या बाजूला?"

सरांनी ड्रॉइंग उलटसुलट फिरवून पाहिलं. म्हणाले, "लेबल लावू."

दुसऱ्या दिवशी डायपरवाल्यांच्या पॅकिंगच्या माणसांकडून लावून पण घेतलं! ते बिचारे रोज हजार खोकी चिकटवतात, त्यांनी सहाही बाजूंना 'ही बाजू वर'चे बाण ठोकले. मी अख्खी दुपार नखांनी ती लेबलं खरवडत होते. सर येऊन म्हणाले, "राहू दे की, प्रोफेशनल वाटतं."

*

एका फोटोत शेवाळाच्या पेशींवर जांभळा धागा आडवा पडलेला दिसला. अख्खं सॅम्पल वाया गेलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वैशाली, तुझ्या घरी कामतघरला लूम आहेत ना? जरा आंघोळ करून येत जा!"

असा संताप आला म्हणून सांगू! दोन वर्षं मी गाळ्यात येऊन कपडे बदलते, टोपी घालते, टेपने बाह्या झटकते. आणि आमच्या लूमवर निघतं कोरं पांढरं कापड. जांभळा धागा येईल कुठून?

मी तो धागा चिमट्याने काढून मोठ्या मायक्रोस्कोपखाली धरला. कडेला सोनेरी जर! आदल्या दिवशी सरांचा नारपोलीत सत्कार झाला होता, आणि अंगावरच्या जांभळ्या शालीसकट साहेब फोटो काढायला थेट आमच्या स्वच्छ खोलीत घुसले होते.

मी धाग्याचा आणि सत्काराचा असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी भिंतीवर लावले. सरांनी चष्मा लावून पाहिले. म्हणाले, "बघा, हल्ली शाली किती हलक्या देतात!"

*

गाळ बसवायचा कसा आणि बुडबुडे काढायचे कसे, यावर आम्ही सहा महिने अडलो होतो. शेवटी मी बाबांच्या दोस्ताला, इक्बालचाचांना विचारलं. चाचा लूमचे मेकॅनिक, आयुष्य गेलं सूत गुंडाळायची मशीनं दुरुस्त करण्यात. चहा पिता पिता म्हणाले, "ऊपर-नीचे नहीं है ना बेटा? तो घुमा दो. भारी माल बाहर जाएगा, हवा बीच में."

सहा महिने! आणि चाचांना अर्धा कप चहा पुरला. त्यांनीच छोटी मोटर बसवून दिली. पहिल्याच फेरीत गाळ कडेला, बुडबुडे मधोमध.

पुढच्या प्रेझेंटेशनला मी चाचांना पहिल्या रांगेत बसवलं. सर स्टेजवरून म्हणाले, "ही कल्पना मला आकाशगंगेकडे बघताना सुचली."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चाचा मात्र टाळ्या वाजवत होते. मला कानात म्हणाले, "कौन-सी फैक्टरी है ये, आकाशगंगा?"

*

मग उड्डाणाचं काम बघणाऱ्या ऑफिसातून एक मॅडम डबा तपासायला आल्या. कमी बोलणाऱ्या. फॉर्म काढून त्यांनी विचारलं, "सॅम्पल भरायला कोण जाणार? नाव सांगा."

मी तोंड उघडायच्या आत सर पुढे झाले. "माझं लिहा. डबा मीच बनवलाय, मीच हाताळतो."

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "आणि या?"

"ही होय? ही पुसायला-बिसायला असते."

 डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी भिंतीकडे बघत राहिले.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग डबा उलटा करा आणि एक सॅम्पल चालवून दाखवा. उलटा चालला तरच वर चालेल."

सरांनी हातमोजे चढवले. डब्याला नमस्कार केला. तो हळूच उलटा ठेवला. पुढून पाहिला, मागून पाहिला, वाकून खालून पाहिला. मॅडमचं पेन फॉर्मवर तसंच थांबलेलं. 

सर माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "वैशाली, हे चालू कुठून होतं गं?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काय माहीत सर. मी पुसायला असते."