साहेबांच्या मिशीतला नमुना

घरात चहाची नवी पुडी आली की तिची पहिली चिमूट आधणात पडत नसे, काचपट्टीवर पडत असे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीला खेटून, एक जुनं सूक्ष्मदर्शक ठेवलेलं होतं. सून त्याला डोळा लावून उभी आणि सासूबाई ओट्याशी उकळत्या पाण्याकडे बघत उभ्या, असा तो देखावा असे.

"यात देठ फार आहेत, आई."

"असू देत. आजवर देठच प्यायले असेन मी. काही वाकडं झालं नाही माझं."

"आणि हा कसला तरी तंतू दिसतोय."

"तुझ्याच पदराचा असेल. टाक आता, पाणी आटलं."

ही सून ज्या तपासणीच्या लॅबमध्ये काम करी, तिथे सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे बाईंनी स्वतःच फोनवर "भिंगबाई बोलतेय" म्हणायला सुरुवात केल्यावर त्यातली गंमत संपली आणि नाव तेवढं राहिलं.

लॅबमध्ये येत त्या वनस्पतींपासून बनवलेल्या पावडरी, गोळ्या आणि कॅप्सूल. केस वाढवणाऱ्या, वजन घटवणाऱ्या, झोप आणणाऱ्या, झोप उडवणाऱ्या. एकदा एकाच कारखान्यातून भूक वाढवणारी एक पावडर आणि भूक मारणारी दुसरी पावडर बरोबरच आली होती. बाईंनी भिंगाखाली पाहिलं तर दोन्हींत एकच पान होतं. कारखान्याला विचारलं तर तिकडून उत्तर आलं की डबे वेगळे आहेत.

अशा मालाला तीन प्रश्न विचारायचे असतात. लेबलवर लिहिलंय तेच आत आहे का, ते चांगल्या प्रतीचं आहे का, आणि ते खाऊन माणूस आजारी तर पडणार नाही ना. शेवटचे दोन प्रश्न शेजारच्या थंडगार खोलीतलं मोठं मशीन बघे: त्यात शिसं किती, कीटकनाशक किती, औषधी अंश किती. पहिला प्रश्न बाईंचा. पान कितीही बारीक दळलं तरी त्यावरची लव, श्वासाची छिद्रं, आतले स्फटिक शिल्लक राहतात, आणि ते प्रत्येक झाडाचे वेगळे असतात. शेजारच्या वहिनी रस्त्यात भेटल्या तर बाई त्यांना न ओळखता सरळ पुढे जात. पण एखाद्या पानाची लव एकदा पाहिली की ती त्या जन्मात विसरत नसत.

त्यांचा एकच दोष होता. खात्री पटल्याशिवाय त्या सही करत नसत, आणि खात्री पटायला त्यांना वेळ लागे. वर्षातून एकदा लॅबचीच परीक्षा असे. बाहेरची एक संस्था सगळ्या लॅबना बिननावाची एकेक छोटी बाटली पाठवी. आत काय आहे हे फक्त संस्थेला ठाऊक. मागच्या वर्षी बाईंनी उत्तर अगदी बरोबर शोधलं होतं, पण पुन्हा एकदा बघते, पुन्हा एकदा बघते, असं करता करता मुदत टळली आणि लॅब नापास झाली. वरची मंडळी भडकली. या वर्षीही नापास झालो तर भिंगाची खोली बंद करायची, मशीन आहे तेवढं पुरे, आणि बाईंना खाली पार्सल घेण्याच्या खिडकीवर बसवायचं, असं ठरलं. त्या खिडकीवर बाई पूर्वी एकदा बदली म्हणून बसल्या होत्या. कुरियरवाला "सही करा" म्हणाला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं होतं, "कशावरून?" रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

तेव्हा या वर्षीची बाटली आली त्या दिवसापासून बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. बाटलीवर आकडा होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं: शेवग्याच्या पानांची पावडर, ओळख पटवा.

आणि नेमकी त्यात सासूबाईंची कवळी बसवायची वेळ ठरली. बाईंनी एक दिवस रजा घेतली. बाटली आधी मशीनवाल्याकडे जाऊ द्या, उद्या मी बघते, निकाल उद्याच संध्याकाळपर्यंत पाठवायचाय, असं सांगून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा ती बाटली बेसिनच्या कडेला फडक्यावर पालथी घातलेली होती. स्वच्छ धुतलेली. आरपार दिसत होतं.

बाईंनी पर्सही खाली ठेवली नाही. त्या तशाच मशीनच्या खोलीत गेल्या.

"माझं काम झालं," मशीनवाला खुर्ची न वळवता म्हणाला. "शेवगाच आहे. शिसं नाही, कीटकनाशक नाही, औषधी अंश पुरेसा."

"उरलेली पावडर कुठंय?"

"मला लागली तेवढी मी घेतली. बाकी बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि पास म्हणून सांगितलं."

इथे साहेबांविषयी सांगायला हवं. साहेब लॅबचे प्रमुख. अंगाने बेताचे, पण मिशी अशी की माणूस दारातून आत येण्याआधी ती आत येई. बाजारातल्या पावडरींत काय काय निघतं हे रोज बघत असल्यामुळे दुकानातून अशी एकही वस्तू ते विकत घेत नसत. पण अशा वस्तूंवर त्यांची श्रद्धा मात्र अफाट होती. या पेचातून त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी वाट काढली होती. नमुना तपासून पास झाला आणि नियमाप्रमाणे कपाटात ठेवायचा भाग ठेवून झाला की उरलेलं ते स्वतः खात. पास झालेला माल. याहून खात्रीचं जगात कुठे मिळणार, असं ते म्हणत, आणि लॅबमध्ये कुणालाही यात काही वावगं वाटत नसे. परीक्षेच्या बाटलीतला माल इतका थोडा असतो की त्यातून कपाटात काही ठेवत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पास हा शब्द ऐकला, तेवढा पुरे झाला.

साहेब त्यांच्या खोलीत नव्हते. पंखा फिरत होता, चष्मा टेबलावर होता. थोड्या वेळाने ते व्हरांड्याच्या टोकाकडून भिंतीला धरून येताना दिसले.

"साहेब, परीक्षेची बाटली?"

"उत्तम होती," साहेब जपून खुर्चीत बसत म्हणाले. "काल संध्याकाळी अर्धी घेतली, सकाळी अर्धी. शेवगा मला फार मानवतो. आज मात्र जरा..."

"सगळी घेतलीत?"

"उरवायची कशाला? पास होती ना."

"मशीनमध्ये पास होती. माझ्याकडे यायची होती अजून."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, मग बेसिनच्या दिशेने बघितलं, आणि उठून पुन्हा व्हरांड्याच्या टोकाकडे गेले. यावेळी जरा झपाट्याने.

ते परत येईपर्यंत मशीनवाला दाराशी येऊन उभा राहिला होता.

"आता भिंग लावायचंच काय काम, बाई? साहेबांकडे बघूनच कळतंय. शेवग्यात कुणीतरी जुलाबाचं औषध घातलंय. लिहून टाका."

"जुलाबाचं औषध हे झाडाचं नाव नाही," बाई म्हणाल्या. "आणि पोट काय, कशानेही बिघडतं. साहेब, रात्री काय जेवलात?"

"पोळी-भाजी. रोजचीच."

"चमचा कुठंय?"

"धुतला."

"पेला?"

"धुतला. बाई, मी काय गबाळा माणूस वाटतो का तुम्हाला?"

त्या घटकेला बाईंना त्यांच्यात काहीतरी गबाळं सापडायला हवं होतं, आणि ते सापडलं. मिशीच्या डाव्या टोकाला हिरवट झाक होती.

"साहेब, जरा वर बघा. बोलू नका. शिंकू तर अजिबात नका."

बाईंनी आपल्या खोलीतून बारीक कुंचला आणला, कोरा कागद हनुवटीखाली धरला आणि मिशी झाडली. मग त्या मशीनवाल्याकडे वळल्या.

"आता तुमची."

"माझी कशाला? मी काही खाल्लेलं नाही."

"म्हणूनच. न खाणाऱ्याच्या मिशीत काय असतं ते आधी माहीत हवं. नाहीतर याच्यातलं काय मिशीचं आणि काय बाटलीतलं, कसं ठरवू?"

मशीनवाल्याने मान वर केली. त्याच्या मिशीत तोंडाला लावायची पावडर निघाली. ती आपण कधीच लावत नाही असं तो आजवर सगळ्यांना सांगत आला होता.

साहेबांच्या कागदावर बरंच काही होतं. बिस्किटाचा पिठूळ कण. टॉवेलचा तंतू. काळ्या कलपाचे चुरे, जे बाईंनी पाहिले आणि नोंदवले नाहीत. मग शेवगा, ठीक. आणि मग, कलपाच्या एका चुऱ्याला चिकटलेली, एक लव. एकाच पेशीची, जाड भिंतीची, अंगभर बारीक पुटकुळ्या, बुडाशी किंचित वाकलेली. शेवग्याची लव अशी नसते. बाईंनी कपाटातून जुने ओळखीचे नमुने काढले आणि एकेक करून शेजारी लावून पाहिले. सोनामुखीच्या पानाशी ती तंतोतंत जुळली.

मशीनवाला मागून वाकून बघत होता. "सोनामुखी. म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"एका लवेवर सही करणार नाही मी."

"बाई, मागच्या वर्षी हेच झालं होतं."

"माहितीये."

त्या उठल्या आणि व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. दार आतून बंद होतं. त्यांनी टकटक केली.

"साहेब, उजवी बाजू राहिली."

आत नळ बंद झाला. "बाई, आत्ता?"

"संध्याकाळी निकाल जायचाय."

"मला दार उघडता येणार नाही."

"उघडू नका. कुंचला आणि कागद खालून सरकवते. मिशी पुसू नका, नुसती झाडा. आधी हात कोरडे करा."

"हे कुणाला सांगणार नाही ना तुम्ही?"

"आधी झाडा तर खरं."

थोड्या वेळाने घडी घातलेला कागद दाराखालून बाहेर आला. घडी व्यवस्थित होती. साहेब मुळात शिस्तीचे. उजव्या बाजूला आणखी लवा मिळाल्या, आणि पानाच्या शिरेतला एक तंतू मिळाला, ज्याच्या दोन्ही कडांना स्फटिकांची रांग होती. तीही सोनामुखीच्या शिरेशी जुळली. बाईंनी डोळा काढला, पुन्हा लावला, घड्याळाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिसऱ्यांदा न बघता लिहायला घेतलं.

अडलं ते शेवटच्या रकान्यापाशी. तपासलेला भाग कुठून घेतला, असा तो रकाना होता. साहेब तोवर साखर-मिठाचं पाणी घेऊन खुर्चीत टेकले होते.

"बाटलीतून, असं लिहा," ते म्हणाले. "होता तो बाटलीतच."

"मी तो बाटलीतून घेतलेला नाही."

"खरं लिहिलंत तर निकाल फेटाळतील ते. तुमचीच खोली जाईल."

हे बाईंना त्यांच्याआधी कळलं होतं. खोटं लिहिलं तर खोली नक्की वाचत होती. त्यांनी रकाना पुन्हा एकदा वाचला. मग त्या म्हणाल्या, "बाटलीत काय होतं एवढंच विचारलं असतं तर मी तेवढंच सांगितलं असतं. ते विचारतायत, कुठून घेतलं."

"मग निदान माझी मिशी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

साहेबांनी विचार केला. "एका कर्मचाऱ्याचा वरचा ओठ."

तसं लिहून निकाल गेला.

संस्थेचं उत्तर आलं तोपर्यंत बाईंनी कपाटातले नमुने पुसून, नावं लावून, कुणाकडे सोपवायचे याच्या तयारीने खोक्यात भरले होते. उत्तरात म्हटलं होतं की शेवग्यात सोनामुखी मिसळल्याचं या लॅबने बरोबर ओळखलं. बऱ्याच लॅबनी नुसता शेवगा लिहिला होता. नमुना जिथून घेतला ती जागा मात्र अमान्य. ताकीद देऊन पास.

वरच्या मंडळींना ताकीद तेवढी दिसली. बैठक बोलावली गेली आणि खोली बंद करायचा विषय पुन्हा निघाला. मशीन असताना हे झाडाझुडपांचं कौतुक कशाला, असं एकाने विचारलं. बाई उत्तर जुळवत होत्या, तोवर साहेब उठले.

"मशीनला जे विचाराल त्याचंच उत्तर ते देतं," ते म्हणाले. "आत शेवगा आहे का विचारलं, ते हो म्हणालं. बरोबर कोण आलंय हे कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बाई न विचारता बघतात. त्यांनी बघितल्याशिवाय कशालाही पास म्हणू नये."

"तुम्ही इतक्या ठामपणे कसं सांगता?"

"मी प्रकरणात पहिल्यापासून होतो," साहेब म्हणाले आणि बसले.

खोली राहिली. पास हा शब्द आता भिंगाच्या खोलीतूनच बाहेर पडतो. सकाळी साहेब चमचा घेऊन बाईंच्या दाराशी येतात. टेबलावर नव्या पावडरीचा डबा उघडा असतो आणि बाई काचपट्टीवर वाकलेल्या असतात.

"घेऊ का?"

"नको."

"वास तर बरा येतोय."

"म्हणूनच नको. या पानाला वास नसतो."

साहेब कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसतात. चमचा गुडघ्यावर ठेवतात. खिडकीबाहेर कुरियरची गाडी उभी राहते, खाली कुणीतरी पटापट सह्या करतं, आणि बाई पट्टी जराशी सरकवून पुन्हा पहिल्यापासून बघायला लागतात.