इंदापूरच्या बंदूकवाल्याची साक्ष

मेलेल्या चिंकाऱ्याची खबर मला ज्यानं दिली, त्याच्यावरच मी पहिला संशय घेतला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ती वर्षं. मी सुप्याजवळच्या माळावर वनरक्षक होतो. अभयारण्याची पाटी लागून फार दिवस झाले नव्हते. माळ, कुसळी गवत, मधूनमधून बाभळी आणि त्यात नजर ठरेपर्यंत नाहीसे होणारे चिंकारे, एवढंच माझं राज्य. एका सकाळी आठच्या सुमाराला कडेच्या वस्तीवरचा एक साठीचा मेंढपाळ चौकीवर आला. घोंगडी खांद्यावर, चप्पल हातात. म्हणाला, "सायेब, वघळीपाशी नर पडलाय. गोळी लागलीय."

मी विचारलं, "गोळीच लागली हे तुला कसं कळलं?"

"भोकं दिसत्यात की. आन् दिस उगवायला बार ऐकला. जीप मोरगावच्या अंगाला गेली."

मी त्याच्याबरोबर गेलो. ओघळीच्या काठावर नर आडवा पडला होता, डोळे उघडे. आसपासच्या मातीवर शेळ्यामेंढ्यांच्या खुरांशिवाय काही दिसत नव्हतं. त्याचाच कळप त्यावरून गेला होता. माझ्या डोक्यात लगेच आलं की यानं चाकांच्या खुणा पुसायला कळप मुद्दाम इथून नेला. गेली चाळीस वर्षं त्याचा कळप त्याच वाटेनं पाण्यावर जातो, हे मला माहीत होतं. तरी आलं.

बाभळीच्या बुडाशी मला बाराबोअरचं एक रिकामं काडतूस सापडलं. ते मी कागदात गुंडाळून खिशात टाकलं आणि त्याला ते दाखवलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. मी त्याच्या घराची झडती घेतली. घरात दोन खोल्या, कणगी, लोकर कातरायची कात्री. बंदूक नव्हती, पण मला बंदूक नकोच होती. माझा तर्क असा, की शिकारी बाहेरचे आणि हा त्यांचा वाटाड्या. त्याला मी तीन दिवस चौकीवर बोलावून बसवून ठेवलं. तो उन्हात बसायचा आणि तिकडे त्याची सून कळप सांभाळायची. मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचो आणि तो तेच उत्तर द्यायचा. उत्तर बदलत नाही म्हणूनही मला संशय यायचा. पाठ केल्यासारखं बोलतोय, असं मी आमच्या रेंजर साहेबांना सांगितलं.

साहेबांनी काडतूस हातात घेतलं. म्हणाले, "याच्या बुडाच्या टोपीवर बार उडवणाऱ्या पिनेचा ठसा बघ, मधोमध नाही, एका बाजूला बसलाय. इंदापूरला एक म्हातारा बंदूकवाला आहे. दोन तालुक्यांतल्या परवान्याच्या बंदुका त्याच्याच हाताखालून जातात. त्याला दाखव."

बारामतीला एस.टी. बदलून मी इंदापूरला गेलो. दुकान बाजारपेठेच्या टोकाला, बोळासारखं अरुंद. म्हातारा पंचाहत्तरीच्या पुढचा, पण पाठ सरळ, खाकी रंगाचा शर्ट, पांढऱ्या मिशा कातरलेल्या. त्याच्यासमोर भिंतीवर दाढीचा छोटा आरसा होता, तोही असा की काम करताना पाठीमागचं दुकानाचं दार दिसावं. मला त्यानं ठरावीक स्टुलावरच बसायला सांगितलं. तिथून माझे दोन्ही हात त्याला दिसत होते. स्क्रू, स्प्रिंगा, बंदुकीचे घोडे, सगळं वेगवेगळ्या डब्यांत होतं आणि मी बसल्यावर त्यानं त्यातल्या दोन डब्यांची झाकणं लावली. माणूस इतका जपून का वागतो, असं माझ्या मनात आलं.

भिंतीवर होमगार्डच्या संचलनाचा एक फोटो होता. तालुक्याचा समादेशक म्हणून त्यानं पंधरा-वीस वर्षं काढली होती. गावात त्याला अजून सगळे कमांडर तात्या म्हणत.

मी काडतूस दिलं. त्यानं भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं आणि काडतूस मात्र मुठीतच ठेवलं.

"सांगता येत न्हाय," तो म्हणाला.

"बंदूक कुणाची असेल, काही अंदाज?"

"अंदाजानं बोलू ने." मग माझ्याकडे बघून, "तुमचा शक कुणावर हाय, गार्डसाहेब?"

मी मेंढपाळाचं सांगितलं. त्यावर त्यानं जे प्रश्न विचारले ते मला विचित्र वाटले. वय काय? घरात कोण कोण? मारलंबिरलं तर नाही ना? बसवून ठेवता तेव्हा पाणी देता का? बंदुकीबद्दल एक शब्द नाही, सगळं त्या माणसाबद्दल. निघताना मला काडतूस मागून घ्यावं लागलं.

परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं, याला बंदूक माहीत आहे. एखादं जुनं गिऱ्हाईक असेल, होमगार्डमधला कुणी हाताखालचा माणूस असेल, त्याला हा पाठीशी घालतोय.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो, न कळवता. या वेळी दुकानात त्याचा पुतण्या होता. तिशी ओलांडलेला, अंगानं भक्कम. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं, धाकट्या भावाच्या या मुलालाच त्यानं वाढवलं होतं आणि दुकान त्याच्याच नावावर करायचं चाललं होतं. दाराशी त्याची जीप उभी होती. सीटच्या कापडात कुसळं अडकली होती. कुसळ काय, सगळ्या माळावर असतं, इंदापुरातही असतं. तरी मी ती दोन बोटांनी काढून पाहिली, आणि मान वर केली तर म्हातारा आरशातून माझ्याकडे पाहत होता.

मी दुरुस्तीचं रजिस्टर मागितलं. त्यानं लगेच पुढे ठेवलं. शिकारीच्या दिवशी दुकानात एकच बाराबोअर होती. शेळगावच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याची, रानडुकरांपासून पीक राखायच्या परवान्यावरची. पिन बदलायला आली होती. शिकारीच्या चार दिवस आधी आलेली, शिकारीनंतर दोन दिवसांनी परत गेलेली.

"म्हणजे ती बंदूक त्या दिवशी तुमच्या कुलपात होती," मी म्हटलं.

"व्हय."

"मग या बंदुकीचा प्रश्न नाही."

त्यानं रजिस्टर मिटलं. पुतण्या चहा आणायला म्हणून बाहेर गेला. मग म्हातारा आपणहून बोलायला लागला, आणि मला वाटलं हा विषय टाळतोय.

तो अठरा वर्षांचा असताना इंग्रजांच्या पलटणीत हत्यारं दुरुस्त करायला भरती झाला होता. त्याला पाठवलं थेट सरहद्दीवर, वझिरिस्तानात. "तितं रायफलीला माणसापरीस किंमत," तो म्हणाला. "टोळीवाले पठाण एका रायफलीपायी जीव द्यायचे. जवान रायफल साखळीनं अंगाला बांधून झोपायचे. रायफलीचा बोल्ट, म्हंजी गोळी उडवायचा दांडा, काढून माझ्याकडं जमा. एक दिवस मोजले, तर एक कमी."

"चोरीला गेला?"

"समद्यांस्नी तसंच वाटलं. गोऱ्या साहेबानं इचारलं, तुझा शक कुणावर? तितं एक पाणी भरणारा भिस्ती यायचा, तितल्याच मुलखातला. मी म्हनलं, ह्यो माझ्या टेबलापाशी उभा व्हता. उभा व्हताच त्यो, मी खोटं न्हाय बोललो. त्याला फटके मारले आन् छावणीभायेर काढला. मयन्यानं ग्रीसचा डबा संपला, तर तळाला बोल्ट."

"मग साहेबाला सांगितलंत?"

"न्हाय. पुसला आन् पेटीत ठिवला. एक वस्तू जास्त निघाली म्हणून कुनी चौकशी करत न्हाय."

"आणि भिस्ती?"

"त्याचं काय झालं ते मला ठावं न्हाय. इचारायला कुनाला जानार? त्याचा मुलूख मोठा, आन् मी टोपीवाला शिपाई."

चहा आला. पुतण्यानं कप ठेवला. म्हातारा त्याच्याकडे पाहत नव्हता आणि तो म्हाताऱ्याकडे पाहत नव्हता. मी चहा पिऊन निघालो. मला राग आला होता. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगून हा माझ्याच संशयाला खोटं पाडतोय, असं वाटलं. चौकीवर जाऊन मी मेंढपाळाला पुन्हा बोलावणं धाडलं. त्याची सून निरोप्याला म्हणाली, "आबा यायचं न्हाईत. धरून न्या म्हनावं."

त्याला धरून आणायच्या आधीच इंदापूरचा म्हातारा चौकीवर आला. सकाळच्या गाडीनं, एकटा, बारामतीला एस.टी. बदलून. पांढरं धोतर, काळा कोट, हातात कापडी पिशवी. चौकीच्या पायरीवर बसून त्यानं पिशवीतून दोन रिकामी काडतुसं काढली.

"शेळगावची बंदूक मागून घेतली," तो म्हणाला. "दारू न भरता नुसत्या टोप्या उडवल्या. तुमच्यापाशी हाय ते काढा."

मी काढलं. तिन्ही काडतुसं त्यानं पायरीवर ओळीनं मांडली. तिन्हींच्या टोपीवर ठसा एकाच बाजूला, लांबट, भाताच्या दाण्यासारखा.

"ही पिन मी हातानं घासलीय. जरा तिरपी बसली. पहिल्या दिवशीच वळखली व्हती."

"पण बंदूक तर तुमच्या कुलपात होती."

"कुलपाच्या चाव्या दोन. एक माझ्याकडं, एक पुतण्याकडं." त्यानं कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "हितं समदं लिवलंय. काल त्यालाबी इचारलं. दोस्त घेऊन गेला व्हता, म्हनला. कबूल झाला."

मी कागद वाचून काढला. शेवटी विचारलं, "पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"पोटच्यावानी वाढवलाय त्याला," तो म्हणाला. तिन्ही काडतुसं गोळा करून त्यानं माझ्या हातात दिली. मग उठून उभा राहिला. "साहेबाकडं मागनं जाऊ. आधी त्या मानसाच्या घरी न्या मला."

आम्ही दोघं वस्तीवर गेलो. मेंढपाळ अंगणात करडाच्या पायाला पट्टी बांधत होता. मला पाहून उठला नाही. म्हाताऱ्यानं हात जोडले.

"शिकार माझ्या घरातल्यानं केलीय. तुमचं नाव निघालं तवा मला ठावं व्हतं, आन् मी गप बसलो. येवढं सांगायला आलो."

मेंढपाळानं पट्टीची गाठ मारली. मग म्हणाला, "इंदापुरासनं आलाय? एस.टी.नं?"

"व्हय."

"बसा मग. पानी प्या." सुनेला हाक मारून त्यानं पाणी आणवलं. तांब्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. माझ्यापुढे तांब्या सुनेनं ठेवला, तोही खाली, जमिनीवर. मी तो उचलून प्यायलो. माफी मागायची वेळ हीच होती. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "आता चौकीवर यायची गरज नाही."

"बरं," तो म्हणाला.

पुतण्यावर खटला झाला. तो किती वर्षं चालला आणि किती तारखा पडल्या, मला आता नीट आठवत नाही. माझी बदली झाली तोवर निकाल लागला नव्हता. म्हाताऱ्यानं दुकानाचा परवाना आपणहून परत केला. पुतण्या बायकोला घेऊन वेगळा राहू लागला आणि पुढे चुलत्याशी बोलला नाही, असं ऐकलं.

बारामतीच्या स्टँडवर एकदा मला म्हातारा भेटला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आला होता. आम्ही बाकावर बसलो. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं, "तात्या, रजिस्टर मी पाहिलं नसतं, जीप पाहिली नसती, तरी तुम्ही आला असता का?"

तो रागावला नाही. विचार करून म्हणाला, "मलाबी ते ठावं न्हाय. मी मनाशी म्हनतो, आलो असतो."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. खरं बोलतोय की नाही ते शोधत होतो, आणि मी ते शोधतोय हे त्याला कळत होतं. मग इंदापूरची गाडी लागली. मी त्याची पिशवी घेतली, त्याला दारापर्यंत नेलं आणि खिडकीजवळची जागा मिळवून दिली.

मेंढपाळाचा कळप माझ्या बदलीपर्यंत रोज चौकीवरून जात राहिला. त्यानंतर माळावर आणखी दोन नर मेले, एक कुत्र्यांनी फाडलेला, एक विहिरीत पडलेला. दोन्ही वेळा त्याला माझ्याआधी कळलं असणार. तो सांगायला आला नाही.